कॉल म्हणजे बोलावणं

"वाचा," दादासाहेब म्हणाले. "मोठ्यानं वाचा. सगळ्यांना ऐकू येऊ दे."

मी पत्र उघडलं. पत्र इंग्रजीत होतं, आणि तेच वाचून मी सगळ्यांना इथं आणलं होतं. पुणतांब्याच्या स्टेशनाजवळ कंपनीची नवी पत्र्याची शेड होती, शेडपुढं ओटा. ओट्यावर खुर्च्या आणि खुर्च्यांत डायरेक्टर मंडळी, हातात मोसंबीच्या रसाचे पेले. आम्ही खाली उन्हात. एकोणतीस माणसं.

बायकांनी धुतलेली लुगडी नेसली होती. हवालदारमामा पहिल्या लढाईत बसऱ्याला जाऊन आलेले. त्यांनी जुना खाकी कोट घातला होता आणि छातीला पदक लावलं होतं. सारजामावशीनं चार अंडी फडक्यात बांधून आणली होती. कंपनीच्या साहेबासाठी. बोलावल्यावर रिकाम्या हातानं कसं जायचं, असं तिचं म्हणणं.

मी अडखळत वाचलं. शेवटपर्यंत वाचलं.

"आता अर्थ सांगा. मास्तरीण आहात ना तुम्ही?"

"हा फर्स्ट कॉल आहे," मी म्हणाले. "कंपनीनं भागीदारांना पहिलं बोलावणं पाठवलंय."

ओटा हसायला लागला. एक डायरेक्टर इतका हसला की पेल्यातला रस त्याच्या धोतरावर सांडला. दादासाहेब हसले नाहीत. त्यांनी डोळे पुसावेत तसा चष्मा पुसला.

"बाई, बोलावणं नाही ते. मागणी आहे. तुम्ही शेअरमागं दोन रुपये भरलेत. शेअर दहाचा आहे. आता आणखी तीन मागितलेत. आज शेवटची तारीख. आणलेत?"

मागून कुणीतरी म्हणालं, "लग्नाला आल्यासारखी आलीयत."

सारजामावशीला यातलं काही कळलं नव्हतं. ती पुढं झाली आणि तिनं फडकं ओट्यावर ठेवलं. दादासाहेबांनी पाय मागं घेतले. शिपायाला म्हणाले, "ते लांब ठेव. आणि ओट्यावर पाणी टाक."

शिपायानं काठीनं फडकं ढकललं. अंडी खाली पडून फुटली. मग त्यानं पाणी टाकलं. ते ओघळून आमच्या पायांपर्यंत आलं.

माझी माणसं दादासाहेबांकडं बघत नव्हती. माझ्याकडं बघत होती.

आमची वस्ती तिथून पाच मैल. परत येताना अर्ध्या वाटेवर सारजामावशीनं विचारलं, "पोरी, तू म्हनालीस दोन रुपयाला एक हाय. मंग हे तीन कुठनं आलं?"

मी पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि चालत राहिले.

हे सगळं माझ्यामुळं झालं होतं. ते मी आधी सांगून टाकते.

आम्ही ख्रिस्ती. आजोबांच्या वेळेला बाप्तिस्मा झाला. त्याआधी महार. बाप्तिस्म्यानं नाव बदललं. पाणवठा बदलला नाही. मी मिशनच्या शाळेत शिकले, नगरला ट्रेनिंग केलं, आणि आमच्याच वस्तीवरच्या शाळेत मास्तरीण झाले. इंग्रजीची तीन पुस्तकं झाली होती. एवढं इंग्रजी वस्तीवर दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. कुणाचं पत्र आलं, समन्स आलं, पेन्शनीचा कागद आला, तो माझ्याकडं यायचा. मी वाचायची. माझ्या वाचण्यावर लोक विश्वास ठेवायचे, आणि मला त्याचा गर्व होता.

दुसरी मोठी लढाई चालू होती. गोदाकाठी मोसंबीच्या बागा होत्या. रस बाटल्यांत भरून पलटणींना पाठवायचा, अशी कंपनी निघाली. लिमिटेड कंपनी. दादासाहेब तिचे अध्यक्ष. नगरचे नामांकित वकील, आणि मिशनच्या जमिनीचे दावेही तेच बघायचे. एक दिवस ते टांग्यातून आमच्या शाळेवर आले. पाळकसाहेब सोबत होते. शाळेत एकच खुर्ची, ती मी त्यांना पुढं केली. दादासाहेब म्हणाले, "तुम्ही बसा, बाई. मी उभा राहतो."

त्यांच्यासारख्या माणसानं मला आयुष्यात पहिल्यांदा खुर्ची दिली होती. आज सांगताना लाज वाटते, पण मी त्या एका वाक्यावर विकली गेले.

ते म्हणाले, "तुमच्या लोकांनी किती दिवस दुसऱ्याच्या बागेत मोसंबी तोडायची? कंपनीचे मालक व्हा. शेअरला फक्त दोन रुपये. वर्षाला नफ्यातला वाटा घरी येईल. मी सांगितलं तर ते ऐकणार नाहीत. तुम्ही सांगितलंत तर ऐकतील."

एक निळं बुक माझ्या हातात दिलं. कंपनीचे नियम. सगळं इंग्रजी. "हे दाखवा त्यांना," म्हणाले. वाचा असं म्हणाले नाहीत. मीही वाचलं नाही. बुक हातात धरून मी घराघरांत गेले. सारजामावशी नवरा गेल्यापासून बागेत तोडणीला जायची. तिनं चार शेअर घेतले. हवालदारमामांनी पेन्शनीतून दहा. कुणी कोंबड्या विकून, कुणी लेकीच्या लग्नाचं बाजूला ठेवलेलं मोडून. अर्ज मी भरले. अंगठ्यांना शाई मी लावली. एक एक अंगठा धरून कागदावर टेकवला.

त्या कामाबद्दल दादासाहेबांनी मला पाच शेअर दिले. त्या शेअरांचे पहिले दोन-दोन रुपये त्यांनीच भरले. हे मी वस्तीवर कुणाला सांगितलं नाही.

शेअरचे कागद आले तेव्हा त्यावर सोनेरी वेलबुट्टी होती आणि दहाचा आकडा होता. त्याच्याखाली बारीक अक्षरांत इंग्रजीत लिहिलं होतं की पैकी दोनच भरलेत. ती बारीक ओळ मी वाचली नाही. दहाचा आकडा बघून उलट मीच लोकांना म्हणाले, "बघा, दोनाचे दहा झाले." लोकांनी ते कागद भिंतीला लावले, येशूच्या चित्राशेजारी.

उन्हात उभं राहून आलो त्यानंतर पंधरा दिवसांनी दुसरी पत्रं आली. भरले नाहीत तर शेअर जातील, भरलेलेही परत मिळणार नाहीत. या वेळी मी शब्दकोश मागून आणला आणि एक एक शब्द बघून वाचलं. कुणी माझ्याकडं बघत नव्हतं. मी वाचत होते आणि ते जमिनीकडं बघत होते.

हवालदारमामांनी भरले. आणखी तिघांनी भरले. माझे मी भरले, दोन महिन्यांचा पगार घालून. राहिलेल्या पैशांत सारजामावशीचे भरावेत म्हणून तिच्याकडं गेले. ती चुलीपुढं भाकरी थापत होती. तिनं वर बघितलं नाही.

"तुझं पैसं नको," ती म्हणाली. "तुझं वाचल्यालंबी नको."

चोवीस माणसांचे शेअर गेले. त्यांनी भिंतीवरचे कागद काढले. सारजामावशीनं तिचा चुलीत घातला.

त्यानंतर कुणी माझ्याकडं पत्र घेऊन आलं नाही. मुलं शाळेत यायची, आयाबाया दारातूनच परत फिरायच्या. पाण्यावर गेले की बोलणं थांबायचं. घर मिशनचं, नोकरी मिशनची, आणि मिशनचे वकील दादासाहेब. तक्रार कुठं करायची? बाहेरचे आम्हाला शिवत नव्हते आणि आतले माझ्याशी बोलत नव्हते. घरात आई होती. ती म्हणायची, "गप ऱ्हा. आपलं दार त्यांच्याच भिताडाला हाय."

निळं बुक शाळेच्या कपाटात पडून होतं. एक दिवस शाळा सुटल्यावर मी ते काढलं. पायरीवर बसले. शब्दकोश मांडीवर. पहिल्या दिवशी एक नियम झाला. दुसऱ्या दिवशी अर्धा. काही शब्द शब्दकोशात होते, पण अर्थ लावला तरी वाक्य लागायचं नाही. मग मी तेच वाक्य पाटीवर लिहायची आणि पोरांना शिकवावं तसं स्वतःला शिकवायची. कर्ता कुठला, क्रियापद कुठलं. सगळा हिवाळा त्यात गेला.

दोन नियम मला सापडले. एक असा, की ज्यानं मागितलेली रक्कम भरली नाही त्याला सभेत मत देता येणार नाही. दुसरा असा, की भागीदारांच्या नावांची नोंदवही कुठल्याही भागीदाराला कचेरीच्या वेळात फुकट बघता येईल.

फुकट. कुठल्याही भागीदाराला. ते दोन शब्द मी पुन्हा पुन्हा तपासले. चुकून बोलावणं तर वाचत नाही ना मी.

शनिवारी शाळा सकाळची. दुपारी मी पुणतांब्याला गेले. कचेरीत गोविंदराव नावाचे कारकून होते. मी नोंदवही मागितली. ते म्हणाले, "साहेब नाहीत." पुढच्या शनिवारी म्हणाले, "किल्ली नाही." तिसऱ्या शनिवारी म्हणाले, "बायकांना दाखवत नाहीत." दर वेळी पाच मैल जायचं, पाच मैल यायचं. चौथ्या शनिवारी मी बुक उघडून खिडकीत धरलं आणि ओळीवर बोट ठेवलं.

"यात बायकांना नाही असं कुठं लिहिलंय ते दाखवा."

गोविंदरावांनी वाचलं. दारातून बाहेर डोकावून कुणी आहे का बघितलं. मला आत घेतलं नाही. वही आणून उंबऱ्यावर ठेवली आणि मागं सरले.

मी उंबऱ्याबाहेर मांडी घालून बसले. आमची नावं सापडली. प्रत्येक नावापुढं धंदा लिहिलेला. मजूर. मजूर. पेन्शनर. मजूर. आणि चोवीस नावांवर तांबड्या शाईची रेघ. सारजामावशीच्या नावावरची रेघ जाड होती, टाक फाकला असावा.

मग मी पुढची पानं उलटली. दादासाहेबांची बायको. दोन मुलं. मेहुणा. ज्या डायरेक्टरच्या धोतरावर रस सांडला होता तो, आणि त्याचे दोन भाऊ. एकेकाच्या नावावर शेकडो शेअर. भरलेली रक्कम शेअरमागं दोन रुपये. फक्त दोन. तीन मागितलेले त्यांनीही भरले नव्हते. त्यांच्या नावांवर तांबडी रेघ नव्हती. आणि आमचे गेलेले शेअर खाली मेहुण्याच्या नावावर चढवले होते.

मी तिथंच बसून राहिले. इतके महिने मी स्वतःला म्हणत होते, तू अडाणी म्हणून हे झालं. इंग्रजी आलं असतं तर झालं नसतं. ते अर्धंच खरं होतं. या लोकांना इंग्रजी येत होतं, कॉलचा अर्थ माहीत होता, आणि तरी त्यांनी भरलं नव्हतं. त्यांना भरावंच लागत नव्हतं. नियम आमच्यासाठी होता.

मी पेन्सिल काढली. गोविंदराव घाबरून म्हणाले, "लिहून घेऊ नका. माझी नोकरी जाईल."

"नाही लिहीत," मी म्हणाले. "पाठ करते."

पाढे शिकवणारी बाई मी. नावं, शेअरचे आकडे, भरलेली रक्कम, सगळं पाठ केलं. पाच मैल म्हणत म्हणत घरी आले.

गोविंदरावांनीच सांगितलं का आणखी कुणी पाहिलं, कोण जाणे. तिसऱ्या दिवशी पाळकसाहेबांनी बोलावलं. चांगले मनुष्य होते ते. माझ्या बाप्तिस्म्याला तेच होते. मला बसायला सांगितलं नाही, स्वतःही बसले नाहीत.

"बाई, दादासाहेब आपले दावे फुकट चालवतात. शाळा त्या जमिनीवर आहे. तुमचं घर त्या जमिनीवर आहे."

"त्यांच्या घरच्यांनी भरलेलं नाही, साहेब. मी डोळ्यांनी बघितलंय."

"असेल. देव बघतोय."

"देवाला मत नाही त्या सभेत," मी म्हणाले. "मला आहे."

त्यांनी बायबल उचललं, परत ठेवलं. म्हणाले, "सभेला जाऊ नका. गेलात तर माझ्या हातात काही राहणार नाही." मी घरी आले. आईला सांगितलं. सकाळी ती म्हणाली, "मी म्हातारी कुठं जाऊ?" मी खरंच ठरवलं की जायचं नाही. दोन दिवस ठरवलेलं होतं. तिसऱ्या दिवशी शाळेत सारजामावशीची नात पाटी घेऊन आली आणि तिनं विचारलं, "बाई, हे मी बरोबर वाचलं का? आजी म्हनती, तू वाचल्यालं आधी तपासून घे."

मी सभेला गेले.

वार्षिक सभा शेडमध्येच होती. पुढं खुर्च्या, त्यांत बागायतदार, व्यापारी. आम्ही पाच जण मागं, बाटल्यांच्या पेट्यांजवळ उभे. हवालदारमामा माझ्याशी महिनोन् महिने बोलले नव्हते. ते येऊन माझ्या डाव्या हाताला उभे राहिले. पदक लावलं नव्हतं.

दादासाहेबांनी अहवाल वाचला. मग म्हणाले, "आता डायरेक्टरांची निवड. जुनंच मंडळ पुढं चालू ठेवावं. अनुकूल असतील त्यांनी हात वर करा."

हात वर झाले. मेहुण्याचा हात सगळ्यांत उंच.

"अध्यक्षमहाराज," मी म्हणाले. आवाज फाटला. पुन्हा म्हणाले. "अध्यक्षमहाराज, ज्यांनी कॉल भरला नाही त्यांना मत नाही. बुकात नियम आहे. आधी नोंदवही वाचा, मग हात मोजा."

पुढची डोकी वळली. दादासाहेबांनी आवाज चढवला नाही. "बाई, तुम्हाला समजत नाही त्यात बोलू नका. बसा."

मी नावं म्हणायला सुरुवात केली. पाढ्यासारखी. त्यांची बायको, इतके शेअर, भरले दोन. थोरला मुलगा, इतके शेअर, भरले दोन. धाकटा मुलगा. मेहुणा. मी मेहुण्याचं नाव घेतलं तेव्हा त्याचा वर केलेला हात खाली आला.

"खाली बस," दादासाहेब म्हणाले. बाई गेलं, तुम्ही गेलं. "कुणी शिकवलं हे तुला?"

"बुक तुम्हीच दिलंत."

"खाली बस म्हणतो ना."

"माझं नाव नोंदवहीत आहे. मी पुरा कॉल भरलाय. मी उभं राहून बोलणार."

खुर्चीतला एक बागायतदार उठला. फेटेवाला, मला अनोळखी. आमच्यासाठी उठला नव्हता तो. त्यानं स्वतः कॉल भरला होता आणि दुसऱ्यांनी भरला नाही म्हणून त्याचं पोट दुखत होतं. "दादासाहेब," तो म्हणाला, "ही म्हणती ते खरं हाय का खोटं? वही आना की हितं."

दादासाहेबांनी कागद गोळा केले. सभा तहकूब झाल्याचं सांगितलं आणि मागच्या दारानं निघून गेले.

पुढं काय झालं तेही सांगते, म्हणजे कुणाला वाटू नये की आम्ही जिंकलो. पंधरा दिवसांत दादासाहेबांच्या घरच्यांनी कॉल भरला. भरावा लागला. सभा पुन्हा भरली, तेच मंडळ निवडून आलं, या वेळी नियमाला धरून. चोवीस जणांचे शेअर परत आले नाहीत. कंपन्यांच्या सरकारी रजिस्ट्रारला मी मराठीत अर्ज केला. इंग्रजीत करा, असं उत्तर आलं. इंग्रजीत केला. त्याचं उत्तर आलं नाही. लढाई संपली, पलटणींची मागणी बंद झाली, कंपनीही बसली.

माझी नोकरी सभेनंतरच्या महिन्यात गेली. घर आठ दिवसांत सोडावं लागलं. आईला घेऊन मी बेलापूरला आले. एक खोली भाड्यानं घेतली. मी शिवणाचं काम करते. बाजाराच्या दिवशी पेठेत पोतं टाकून लोकांचे कागद वाचून देते. आई वर्षभरानं गेली. शेवटपर्यंत म्हणायची, त्या येळला गप ऱ्हायली असतीस तर. मला तिला खोडून काढता आलं नाही. सारजामावशी बाजारात भेटते, तोंड फिरवते. तिचं बरोबर आहे. तिचा अंगठा मी धरला होता.

आता स्वराज्य आलंय. दादासाहेबांनी टोपी बदलली आणि नवी कंपनी काढलीय. मोटारींची. बेलापूरहून नगरला मोटारी चालणार. पत्रक या वेळी मराठीत आहे, मोठ्या अक्षरांत, गरिबांची कंपनी म्हणून. शेअरला पाच रुपये, असं वर लिहिलंय. नियमांचं बुक मी मागितलं. ते इंग्रजीतच आहे. मी वाचलं. शेअर पंचवीसचा आहे.

हे मी बाजारात चार लोकांना सांगितलं. आठ दिवसांत वकिलाची नोटीस आली. मी कंपनीची बदनामी करते, थांबले नाही तर फौजदारी करू. खोलीच्या मालकानं कालच विचारलं, दुसरीकडं जागा बघताय का. त्यानंही शेअर घेतलेत.

पुन्हा तेच. घर त्यांच्या हातात, काम त्यांच्या हातात. फरक एवढाच की आता मला माहीत आहे, मी कशाला भिते आणि ते कशाला भितात.

उद्या पेठेत त्यांची सभा आहे. दादासाहेब स्वतः बोलणार आहेत, मग टेबलावर अर्ज भरून घेणार आहेत. शाईची गादीही आणतील. मी त्या टेबलापुढं जाऊन उभी राहणार. विचारणार, या शेअरची पुरी किंमत किती? उरलेले वीस रुपये कधी मागणार? नाही भरले तर काय नेणार? आणि तुमच्या घरच्यांनी किती भरलेत, ते नाव घेऊन सांगा. चारी उत्तरं मराठीत, सगळ्यांना ऐकू जातील अशी मिळेपर्यंत त्या गादीवर एकही अंगठा टेकू देणार नाही. फौजदार आला तर त्यालाही तेच विचारीन.